वस्त्रांची शुद्धी, माणसांचा विटाळ

कापडाचा इतिहास आपल्याकडे आतापर्यंत दोन तऱ्हांनी लिहिला गेला आहे. एक इतिहास पैठणीचा, शालूचा, किनखापाचा, म्हणजे नेसणाऱ्याचा. दुसरा गिरणीमालकांचा आणि स्वदेशीच्या होळ्यांचा, म्हणजे विकणाऱ्याचा. कापड विणले कोणी, धुतले कोणी, कोणाला कोणते कापड नेसण्याची मुभा होती आणि कोणाला नव्हती, हा तिसरा इतिहास मात्र अजून विस्कळीतच पडला आहे. कापडाची निगा कशी राखावी हा विषय वरवर पाहता घरगुती, बायकांच्या गप्पांचा वाटतो. परंतु या देशात कापड धुण्याची रीतदेखील धर्मशास्त्राने सांगितलेली आहे, आणि धर्मशास्त्राने जिथे हात घातला तिथे माणसांची प्रतवारी झाल्याशिवाय राहिलेली नाही. म्हणून या विषयाकडे मी गांभीर्याने पाहतो.

मनुस्मृतीचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर शिसे ओतण्याच्या गोष्टी येतात. (शिसे ओतण्याची शिक्षा वस्तुतः गौतम धर्मसूत्रात आहे, पण ते असो.) मनूने कपडे धुण्याचेही नियम दिले आहेत, हे फारसे कोणी वाचत नाही. पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. रेशमी आणि लोकरीची वस्त्रे खाऱ्या मातीने धुवावीत, कुतप म्हणजे बोकडाच्या केसांची घोंगडी रिठ्याने, तलम वल्कलवस्त्रे बेलफळाने आणि क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याचे कापड पांढऱ्या मोहरीच्या वाटणाने, असे तेथे सांगितले आहे. आठव्या अध्यायात धोब्यासाठी नियम आहे: सावरीच्या लाकडाच्या गुळगुळीत फळीवर, हळूहळू धुवावे, एकाचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नयेत, ते दुसऱ्याला वापरायला देऊ नयेत. लगेच पुढे विणकराचा नियम येतो. दहा पल सूत घेतले तर अकरा पल कापड परत केले पाहिजे, नाहीतर बारा पण दंड. वाढलेले एक पल हे खळीचे वजन.

यातले तंत्र चुकीचे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. रिठ्याच्या फेसात लोकर आटत नाही आणि तिचा मऊपणा टिकतो, हे आजही लोकरीची शाल धुणारी कोणतीही गृहिणी सांगेल. सावर मऊ लाकूड आहे, त्यावर धागा ठेचला जात नाही. खळीने कापडाचे वजन वाढते, हे तर प्रत्येक विणकराला ठाऊक असते. प्रश्न असा आहे की हे ज्ञान कोणाचे? स्मृतिकाराने स्वतः कधी घोंगडी धुतली असेल हे संभवत नाही. हे ज्ञान नदीकाठच्या धोब्याचे, खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या विणकराचे आणि त्यांच्या बायकांचे. स्मृतिकाराने ते उचलले, श्लोकात बसवले आणि ज्याचे ज्ञान त्यालाच पुन्हा दंडाच्या धाकाने ऐकवले. आपल्या संस्कृतीतील ‘शास्त्र’ या शब्दाची उत्पत्ती अनेकदा अशीच झालेली आहे.

त्याच अध्यायात आणखी एक नियम आहे. वस्त्रांचा ढीग मोठा असेल तर नुसते पाणी शिंपडून तो शुद्ध होतो. थोडी वस्त्रे असतील तर ती पाण्याने धुवावी लागतात. म्हणजे व्यापाऱ्याच्या गठ्ठ्याला चार थेंब पुरे, आणि ज्याच्याजवळ एकच धडपा आहे त्याने मात्र तो पिळून काढावा. शुद्धीचा हा हिशेब भांडवलाच्या बाजूने कसा झुकलेला आहे, हे पाहण्यासारखे आहे.

आता हाच ग्रंथ माणसांना वस्त्रे कशी वाटून देतो ते पाहू. चौथ्या अध्यायात स्नातक ब्राह्मणाला सांगितले आहे की दुसऱ्याने वापरलेली वस्त्रे वापरू नयेत. दहाव्या अध्यायात सांगितले आहे की सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत. आणि त्याच अध्यायात चांडाल व श्वपच यांच्याविषयी आज्ञा आहे की त्यांची वस्त्रे म्हणजे प्रेतांवरची वस्त्रे. नवे कापड एकाला, जुने दुसऱ्याला, मढ्यावरचे तिसऱ्याला. कापड एकच, ते वरून खाली उतरत येते आणि ज्या पायरीवर पोचेल त्या पायरीवरच्या माणसाची लायकी ठरवते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यात या ओळी होत्या.

कोणी म्हणेल, स्मृती लिहिल्या गेल्या दोन हजार वर्षांपूर्वी, त्या कोण पाळत होते? महाराष्ट्रातल्या महारांच्या बावन्न हक्कांची गोष्ट आपल्या वाडवडिलांना तोंडपाठ होती. त्या हक्कांत मढ्यावरचे कापड हाही एक ‘हक्क’ गणला जात असे. मनूची आज्ञा आणि गावगाड्यातला हक्क यांतला फरक मला तरी सापडलेला नाही. ज्याला शास्त्रात शिक्षा म्हटले त्यालाच गावात हक्क म्हटले, आणि आपली माणसे त्या हक्कासाठी भांडतही राहिली.

सोवळ्याचा विचार केल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. सोवळ्याला रेशीम चालते. कद, मुकटा, पीतांबर चालतो. लोकरीची धाबळी चालते. सुती कापड चालते ते धुऊन, कोणाचा स्पर्श होऊ न देता वाळवले तरच. त्यामुळे ब्राह्मण घरात सुती सोवळे उंच दांडीवर काठीने वाळत घालण्याचा प्रघात पडला. स्वच्छतेच्या दृष्टीने पाहिले तर हे सगळे उलटे आहे. सूत खाराने, साबणाने, उकळत्या पाण्याने कितीही वेळा धुता येते. मळ पूर्ण निघतो. रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे आहेत. त्यांना तीव्र खार सोसत नाही, उकळणे सोसत नाही, म्हणून ते क्वचित धुतले जातात. म्हणजे जे कापड कमी धुतले जाते ते जास्त शुद्ध आणि जे रोज धुतले जाते ते ओवळे! मुकट्याला घामाचा वास येत असला तरी तो सोवळाच. सोवळे म्हणजे स्वच्छता, हा युक्तिवाद आजही काही विद्वान करतात. त्यांनी एकदा कापडाची जात लक्षात घेऊन तो तपासावा.

या पार्श्वभूमीवर विनयपिटक वाचताना मनाला मोकळे वाटते. महावग्गात चीवराचे एक संपूर्ण प्रकरण आहे. भिक्खूला सहा प्रकारची वस्त्रे चालतील, असे भगवंतांनी सांगितले: जवसाच्या धाग्याचे, कापसाचे, रेशमाचे, लोकरीचे, तागाचे आणि भांगेच्या धाग्याचे. या सहांत कोणतेही शुद्ध नाही, कोणतेही अशुद्ध नाही. मुळे, खोड, साल, पाने, फुले, फळे यांपासून रंग काढायची परवानगी आहे. रंग शिजला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहावा, असे तेथे सांगितले आहे. रंगवलेले चीवर दोरीवर वाळत घालावे, रंग एका बाजूला उतरू नये म्हणून ते पुनःपुन्हा उलटावे आणि थेंब गळायचे थांबेपर्यंत तेथून हलू नये. कापड कडक झाले तर पाण्यात भिजवावे, खरखरीत वाटले तर हाताने बडवावे. हे सगळे करायचे कोणी? भिक्खूने स्वतः. तो पूर्वी राजपुत्र असो की न्हावी असो, आपले चीवर त्याने स्वतः शिवायचे, स्वतः रंगवायचे. मनूच्या ग्रंथात धुणारा एक आणि नेसणारा दुसरा. विनयात दोघे एकच आहेत. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

चीवराचे तुकडे मगधातल्या भातशेतांच्या बांधांसारखे जोडावेत, ही कल्पना भगवंतांनी आनंदाला सुचवली आणि आनंदाने ती अमलात आणली. कापड कापून जोडल्यामुळे त्याचे बाजारमोल जाते, चोराला त्याचा लोभ वाटत नाही, असा त्यामागे व्यवहारही होता.

याच आनंदाची कौशांबीच्या उदेन राजाशी झालेली एक बोलणी चुल्लवग्गात आहे. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला ते खटकले. एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय, दुकान थाटणार काय, असे त्याला वाटले. त्याने विचारत जावे आणि आनंदाने सांगत जावे. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. त्यांचे? पायपुसणी. त्यांचे? धूळ झाडायची फडकी. आणि ती फडकीही फाटली म्हणजे ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजाने समाधान पावून आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या घरातल्या बायकांनी नेमके हेच केले आहे. लुगडे विटले की त्याचे धडपे, धडप्यांची वाकळ, वाकळीचे पोतेरे. फरक एवढाच की आनंदाने ते संघाच्या शहाणपणातून केले आणि आपल्या आज्यांनी दारिद्र्यातून.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पांसुकूल चीवर म्हणजे उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्यांचे वस्त्र. मनूने चांडालाला दिलेले कापड तेच आणि भिक्खू स्वेच्छेने उचलतो तेही तेच. या साम्यावरून आपल्यातले काही उत्साही लेखक म्हणतात की मढ्यावरचे कापड हा आपल्या प्राचीन बौद्धपणाचा पुरावा आहे. मला हे पटत नाही. जन्माने लादलेली चिंधी आणि निवडून उचललेली चिंधी यांची तुलना होऊ शकत नाही. शिवाय भगवंतांनी पांसुकूलाची सक्ती कधी केली नाही. वैद्य जीवकाने राजा प्रद्योताकडून मिळालेली मौल्यवान वस्त्रे अर्पण केली तेव्हा ती त्यांनी स्वीकारली आणि गृहस्थांनी दिलेली नवी वस्त्रे वापरण्याची भिक्खूंना मोकळीक दिली. दारिद्र्याचे उदात्तीकरण त्यांच्या धम्मात नाही.

आता विदर्भाकडे येतो. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांना महार म्हटला की वेसकर, येसकर, तराळ आठवतो. नागपूर, भंडारा, चांदा या भागांत मात्र महारांचा मोठा वर्ग विणकर होता. कोष्टी रेशीमकाठी, तलम लुगडी विणत. महार जाडेभरडे कापड विणत: शेतकऱ्याचे धोतर, पासोडी, मुंडाशाचे कापड, पोत्यासारखी टिकणारी चादर. माझे आजोबा या धंद्यातले शेवटचे. त्यांचा खड्ड्याचा माग मी लहानपणी, १९६० च्या सुमारास पाहिला. तोवर तो वर्षातून चार-दोन महिनेच चालायचा. ताणा पसरून त्यावर ज्वारीच्या पेजेची खळ कुंच्याने फिरवायची, याला पांजण म्हणत. हे काम पहाटे करायचे, कारण उन्हाने खळ लवकर सुकते आणि धागा तडकतो. आजी रहाटावर कांड्या भरायची. कुणब्यांच्या बायकांनी कातलेले सूत गावातून यायचे. लडी अंगणाच्या कडेला दगडावर ठेवून माणूस हाक मारायचा आणि दूर उभा राहायचा. कापड विणून झाले की त्याच दगडावर ठेवायचे. त्यावर पाणी शिंपडले की ते पाटलाच्या अंगाला चालायचे. आजोबा त्या दगडावर कधी पाऊल देत नसत, आणि देऊही देत नसत.

आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. धोट्यात नवी कांडी बसवली की तिचे सूत धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागते. आजोबा ते भोक ओठांना लावून सूत ओढून घेत. दिवसातून कितीतरी वेळा. म्हणजे गावातल्या प्रत्येक अब्रूदार अंगावरचे कापड महाराच्या तोंडातून गेलेल्या सुताचे होते. गावाला हे माहीत नव्हते असे नाही. गावाला ते परवडत होते.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. गिरण्यांच्या कापडापुढे हातमागाचे जाडे कापड टिकले नाही आणि महार विणकर मजूर झाला. त्याने गिरणीकडे धाव घेतली हे साहजिकच होते. ज्याचे बोट पिढ्यान्‌पिढ्या सुताला सरावलेले, त्याला गिरणीत विणाईखात्यात जागा मिळायला हवी होती. मुंबईच्या गिरण्यांत घडले ते उलटेच. त्याला कताईत घेतले, झाडलोटीला घेतले. विणाईखात्याचे दार मात्र बंद. विणाईचे काम मजुरीच्या दृष्टीने सर्वांत चांगले. तिथे अस्पृश्याला मज्जाव होता आणि कारण काय दिले जात होते? हेच. गिरणीतही धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि एका मागावरचा धोटा दुसऱ्या पाळीच्या कामगाराच्या तोंडी जाई. स्पृश्य कामगार महाराच्या उष्ट्या धोट्याला तोंड लावायला तयार नव्हता.

आजोबांचे धाकटे भाऊ मुंबईच्या एका गिरणीत लागले होते. मागावर बसलेला हा मुलगा तिथे बाचक्यांची ने-आण करीत असे. एकदा त्यांनी जॉबरला सांगितले की मला विणता येते. तेव्हा जॉबर हसून म्हणाला, ‘विणता येतं रे, पण तोंड कुठून आणशील?’ हे वाक्य ते म्हातारपणीही तसेच सांगत, त्याच आवाजात.

यातली विसंगती नीट समजून घेतली पाहिजे. कापड विकत घेणाऱ्याची हरकत नव्हती. गिरणीच्या धोतरात कोणाची थुंकी आहे हे पुण्याचा शास्त्री विचारीत नव्हता. हरकत होती ती शेजारी उभ्या असलेल्या कामगाराची, जो स्वतः मालकाकडून पिळला जात होता. म्हणून १९२८ च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर हा प्रश्न ठेवला: सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुम्ही मान्य करता की नाही? पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी उचलली. मालकांनी त्यावर त्यांनाच सुनावले की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालक त्या एका बाबतीत खरे बोलले, जरी त्यामागे त्यांची सोय होती. कामगारांतली ही फूट त्यांना नकोशी होती असे समजण्याचे कारण नाही. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले, तेव्हा त्यांच्यासमोर हा धोटाही होता. विणाईखात्याचे उदाहरण त्यांनी तिथे दिले आहे. वर्गलढ्याची भाषा बोलणारे आमचे मित्र मनमाडचे भाषण सांगताना दुसरा शत्रू ठळकपणे सांगतात. धोट्याचा उल्लेख बहुधा गळतो.

धोट्याला तोंड लावण्याची रीत केवळ आपल्याकडची नव्हती. लँकेशायरमध्येही विणकर स्त्रिया तेच करीत आणि तिथे तिला ‘धोट्याचे चुंबन’ म्हणत. त्यातून रोग पसरतात, कापसाची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायद्याने ती बंद केली. लँकेशायरमध्ये बंदी यायला १९५२ साल उजाडले. तोंड न लावता सूत ओवता येईल असे धोटे बनवणे तंत्राच्या दृष्टीने अशक्य नव्हते, हे यावरून उघड आहे. तिकडे प्रश्न आरोग्याचा झाला, म्हणून उत्तर धोट्यात शोधले गेले. इकडे प्रश्न विटाळाचा होता, म्हणून धोटा तसाच राहिला आणि माणूस दाराबाहेर गेला.

आता नेसण्याकडे वळू. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात इंदूर संस्थानातील बलाई समाजावर लादलेले नियम दिले आहेत. बलाई पुरुषांनी जरीकाठाची पगडी घालू नये, रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने व भारी वस्त्रे घालू नयेत. हे १९२८ सालचे. म्हणजे कापडाच्या काठावरही जातीचा पहारा होता. महाराष्ट्रातही अनेक गावांत महार स्त्रीने लुगडे गुडघ्याखाली फार येऊ न देता, काठ निऱ्यांत दडवून नेसायचे. काठ विणणारा कोष्टी, विकणारा वाणी, विकत घेणारी महारीण. आणि काठ दिसू नये अशी गावाची इच्छा!

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणाकडे इतिहासकार जरा कौतुकाने आणि जरा गमतीने पाहतात. मला ते मनुस्मृतिदहनाइतकेच महत्त्वाचे वाटते. जातीची ओळख पटवणारी नेसण्याची तऱ्हा सोडा, ते जड दागिने टाका, कपडे ठिगळांचे असले तरी चालतील पण स्वच्छ ठेवा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी स्त्रिया पायघोळ लुगडी नेसून परत निघाल्या. मनूने दहाव्या अध्यायात जी वस्त्रे वाटून दिली होती, ती वाटणी या स्त्रियांनी अंगावरून उतरवून ठेवली. ग्रंथ जाळणे आणि निऱ्या खाली सोडणे ही एकाच परिषदेतली दोन कामे होती.

‘स्वच्छ ठेवा’ हे सांगणे सोपे, करणे किती अवघड होते याचा विचार आपले टीकाकार कधी करीत नाहीत. परीट आपले कपडे धूत नव्हता. खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवण्याची त्याची कला आपल्या उंबऱ्यापर्यंत येत नव्हती. नदीवर आपला घाट सगळ्यांत खालचा. विहीर बंद. नऊ वारी लुगडे नीट खंगाळायला किती पाणी लागते हे ज्याने कधी धुतले नाही त्याला सांगून कळणार नाही. आणि ज्या स्त्रीजवळ एकच लुगडे, तिने काय करावे? ओढ्यावर अर्धे लुगडे अंगाला गुंडाळून उरलेले अर्धे धुवायचे, ते उन्हात धरून वाळवायचे, मग वाळलेले अंगावर घेऊन राहिलेले अर्धे धुवायचे. आजीने अशी वर्षे काढली होती. साबण घरात येण्याआधी तिची साधने म्हणजे चुलीतली राख, नदीकाठची खारी माती आणि रिठा. राख रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी वरचे निवळ पाणी ओतून घ्यायचे, त्यात सूत उकळायचे. घोंगडीला राखेचे पाणी कधी लागू द्यायचे नाही, तिला रिठाच. नातसून लुगडे दगडावर आपटायला लागली की ती म्हणायची, ‘मारू नोको बाई, सुताले दुखते. दाबून धुव.’ विणकराच्या घरातल्या बाईचे हे सावरीच्या फळीचे शास्त्र होते. तिने मनू वाचला नव्हता.

चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे पाणी ओंजळीत घेतले गेले ते पिण्याचे होते, हे खरे. पण ज्यांना गलिच्छ म्हणून हिणवले जात होते त्यांच्या अंगावरच्या कापडाचाही त्या पाण्याशी संबंध होता. आधी पाणी तोडायचे आणि मग मळ दाखवायचा, ही हिंदू समाजाची जुनी रीत आहे.

खादीविषयी थोडे लिहिणे भाग आहे. गांधीजींनी १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ काढला आणि हातसुताचे जाडे कापड एकाएकी पवित्र झाले. आजोबा तेच कापड पूर्वीपासून विणत होते. ते विणत होते तोवर त्याला जाडेभरडे म्हणत. आश्रमात विणले जाऊ लागले तेव्हा त्याला व्रत म्हणू लागले. बाबासाहेबांच्या सुटाबुटावर त्या काळात आणि नंतरही पुष्कळ टीका झाली. ज्याच्या पूर्वजांना नवे कापड घ्यायलाही परवानगी लागत होती, त्याने उत्तम शिवलेला लोकरीचा कोट घालणे आणि ज्याच्या घरी रेशमाचे गठ्ठे होते त्याने पंचा नेसणे या दोन्ही राजकीय कृतीच होत्या. पहिलीला दिखाऊपणा आणि दुसरीला त्याग म्हणण्याचे कारण मला दिसत नाही. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले, तीही अशीच कृती होती. तिथे त्या घोंगडीने जे सांगितले ते सुटाने सांगता आले नसते. गोलमेज परिषदेत जे सुटाने सांगितले ते घोंगडीने सांगता आले नसते.

याच कारणाने टेरिकॉटची थट्टा मला आवडत नाही. पॉलिस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये निघाला आणि आपल्या वस्तीत तो १९७० च्या आसपास पोचला. तो उन्हाळ्यात अंगाला चिकटतो, ठिणगी पडली तर वितळून कातडीला डसतो, हे सगळे खरे. पण तो बादलीभर पाण्यात धुतला जातो, दोन तासांत वाळतो, त्याला खळ लागत नाही, इस्त्री जेमतेम लागते. एकच शर्ट असलेला वसतिगृहातला विद्यार्थी रात्री तो धुऊन सकाळी वर्गात कडक बसू शकत होता. परीट नाही, पाणी नाही, जागा नाही, अशा माणसाला या कृत्रिम धाग्याने जे दिले ते कापसाच्या सगळ्या कवितांनी दिले नाही. आणि त्याच्या काठावरून जात ओळखता येत नव्हती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून आली होती. पांढरे कापड सांभाळायला सगळ्यांत कठीण; प्रत्येक डाग दिसतो. आजीने त्या दिवसासाठी घेतलेले पांढरे पातळ पुढे फक्त जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी बाहेर निघे. नीळ किंचित, एक थेंबही जास्त नाही. ते आज माझ्याकडे आहे. घड्यांवर विरले आहे, कारण अनेक वर्षे ते एकाच घडीत राहिले.

नागपूरजवळ चिचोली येथे वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नांतून बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू, त्यात त्यांचे कपडेही, जतन झाले आहेत. पण आपल्या सामान्य माणसांच्या कापडाचे काय? महार विणकराने विणलेली पासोडी किती घरांत शिल्लक असेल? महाडहून परतलेल्या एखाद्या बाईचे लुगडे, संपातल्या कामगाराची बंडी, दीक्षेच्या दिवसाचे पातळ. हे आपले दस्तऐवज आहेत आणि ते रोज पोतेऱ्यात जात आहेत. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते कपाटात कोंबून ठेवू नये. सुती कापडातली खळ आधी साध्या पाण्याने काढून टाकावी, कारण कसर खळीवर येते. ब्लीचिंगचे द्रव्य वापरू नये. सावलीत वाळवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आत ओल धरून बुरशी येते. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळावे. घडी घालण्यापेक्षा गुंडाळी बरी, आणि घडी घालावीच लागली तर दर पावसाळ्यानंतर उन्हाची तिरीप संपल्यावर उघडून दुसऱ्या जागी मोडावी. लोकरीच्या कपड्यात डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवाव्यात, कापडाला लागू देऊ नयेत. कोणाचे, कोणत्या गावचे, कोणी विणलेले, कोणत्या साली नेसलेले, हे चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहावे. शाई ओलीत पसरते. आणि ती चिठ्ठी टाचणीने लावू नये, टाचणी गंजते, दोऱ्याने बांधावी.